संगणकातील प्रशासक-अधिकार : वापर आणि जबाबदारी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्या काळी कचेरीचे दप्तर म्हणजे रुमालांत बांधलेले कागद, आणि त्या कागदांवर कोणाचा अधिकार चालतो हे ठरविण्याची साधने म्हणजे सही, शिक्का, आवक-जावक नोंदवही आणि कपाटाचे कुलूप. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आठही तालुक्यांत सातबारा, फेरफार, शिक्षकांची वेतनदेयके आणि ग्रामपंचायतींचे हिशेब संगणकावर तयार होतात. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाने संगणक ग्रामपंचायतींच्या दारी पोहोचविला; पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्रां’च्या रूपाने ते काम विस्तारले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीने ग्रामपंचायतीची प्रदानेही संगणकावर आणली आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, व सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांना धनादेशावरील सह्यांचे स्थान दिले.

साधने बदलली तरी अधिकाराचा प्रश्न तोच राहिला. संगणक तो एका लहानशा चौकटीतून विचारतो. डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलसाठी लागणारा ड्रायव्हर बसविताना, नवा प्रिंटर जोडताना किंवा तालुक्याहून आलेली एखादी ‘स्क्रिप्ट’ चालविताना पडदा अंधारतो आणि मधोमध मजकूर उमटतो : या कार्यक्रमास आपल्या संगणकात बदल करू द्यावयाचे काय? खाली ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे असतात. कामाच्या घाईत हा मजकूर न वाचताच ‘होय’ दाबले जाते. काही ठिकाणी तर हा प्रश्न पुन्हा पडूच नये अशी तजवीज करून ठेवलेली असते. प्रश्न का विचारला जातो, आणि काम खरोखर अडले असता स्क्रिप्ट योग्य त्या अधिकारानिशी कशी चालवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्क्रिप्टचे स्वरूप

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची यादी. साध्या मजकुराच्या फाइलीत या आज्ञा एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि संगणक त्या त्याच क्रमाने पाळतो. विंडोज या कार्यप्रणालीवर ‘बॅच फाइल’ आणि ‘पॉवरशेल स्क्रिप्ट’ असे तिचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. वीस संगणकांच्या शाळेत प्रत्येक यंत्रावर तीच मांडणी हाताने करावयाची म्हटल्यास शिक्षकाचा दिवस जातो. तेच काम स्क्रिप्ट काही मिनिटांत उरकते. जालन्याहून मंठ्यास तंत्रज्ञ पाठवावयाचा तर त्याचा बराचसा दिवस प्रवासात खर्ची पडतो. साहजिकच स्क्रिप्ट पाठवून देणे सोयीचे ठरते, आणि या सोयीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तथापि स्क्रिप्ट ही आज्ञाधारक असते, विचारी नसते. ज्या खात्याने ती चालविली त्या खात्याचे सर्व अधिकार तिच्या हाती जातात. सामान्य खात्यातून चाललेली स्क्रिप्ट त्या खात्यातील फाइलींची हानी करू शकते, परंतु संपूर्ण यंत्राच्या मांडणीला ती सहसा हात लावू शकत नाही. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, अर्थात प्रशासक खात्याच्या पूर्ण अधिकाराने चाललेली स्क्रिप्ट मात्र विषाणू-प्रतिबंधक कार्यक्रम बंद करू शकते, नवी खाती उघडू शकते, इतर सर्वांच्या फाइली वाचू शकते आणि आपल्या खुणाही पुसू शकते.

प्रश्न विचारण्यामागील तत्त्व

प्रत्येक कार्यक्रमास व प्रत्येक व्यक्तीस कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एका निबंधात सुस्पष्टपणे मांडले. युनिक्स कार्यप्रणालीवर १९८० च्या सुमारास ‘सुडू’ ही आज्ञा आली. तिच्यामुळे सामान्य वापरकर्त्यास एखादे विवक्षित काम तेवढे प्रशासक म्हणून करता येऊ लागले, आणि कोणी कोणती आज्ञा दिली याची नोंदही राहू लागली. लिनक्स वापरणाऱ्यांना ही आज्ञा आजही नित्याची आहे.

विंडोजच्या जगात हे तत्त्व उशिरा रुजले. विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक लोक दिवसभर प्रशासक खात्यातच वावरत असत. पत्र टंकलिखित करणारा आणि यंत्राची मूळ मांडणी बदलणारा यांत संगणकाच्या लेखी भेद नव्हता. २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ ही व्यवस्था आणली. तिचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. प्रशासक खात्याचा मनुष्य संगणकात प्रवेश करतो तेव्हा कार्यप्रणाली त्याच्या नावे दोन ओळखपत्रे तयार करते. एक पूर्ण अधिकाराचे आणि दुसरे छाटलेल्या अधिकाराचे. रोजची सर्व कामे दुसऱ्या ओळखपत्रावर चालतात. पूर्ण अधिकाराची गरज असलेला कार्यक्रम आला, की पहिले ओळखपत्र बाहेर काढण्यापूर्वी संगणक विचारतो. पडदा अंधारण्यालाही अर्थ आहे. त्या क्षणी चौकट एका वेगळ्या, राखीव पडद्यावर उमटते, जेणेकरून दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाने परस्पर ‘होय’ दाबू नये.

कोषागारातील दुहेरी कुलुपाची पद्धत अधिकारी वर्गाच्या परिचयाची आहे. दोन किल्ल्या दोघांकडे असतात आणि दोघे समक्ष आल्याविना कोठीचे दार उघडत नाही. त्या पद्धतीमुळे काम खोळंबते असे म्हणून कोणी एक कुलूप काढून टाकल्याचे ऐकिवात नाही. संगणकाच्या चौकटीला मात्र आपण कटकट म्हणून मोकळे होतो.

हे रूपक एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, हेही नमूद केले पाहिजे. प्रशासक खात्यात बसलेल्या मनुष्यासमोर येणारी ‘होय-नाही’ची चौकट म्हणजे अभेद्य भिंत नव्हे, तसा दावा खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनीही करीत नाही. त्या खात्यात शिरलेला एखादा धूर्त कार्यक्रम चौकट चुकवून पूर्ण अधिकार मिळविण्याच्या वाटा शोधू शकतो आणि अशा वाटा वेळोवेळी सापडलेल्या आहेत. खरी भिंत दोन स्वतंत्र खात्यांमध्ये असते : रोजच्या कामासाठी सामान्य खाते, आणि बदल करण्यासाठी वेगळ्या पासवर्डचे प्रशासक खाते. अशा यंत्रावर चौकट केवळ ‘होय’ मागत नाही, प्रशासकाचा पासवर्ड मागते. दोन किल्ल्या खऱ्या अर्थाने दोघांकडे राहतात त्या याच मांडणीत.

चौकट काय सांगते आणि काय सांगत नाही

चौकटीत कार्यक्रमाचे नाव आणि त्याच्या प्रकाशकाचे नाव असते. प्रकाशकाची स्वाक्षरी तपासून खरी ठरली असेल तर पट्टी निळी दिसते. प्रकाशक अज्ञात असेल तर ती पिवळी दिसते. यावरून निळी पट्टी म्हणजे निर्धास्त, असा समज पसरला आहे. स्क्रिप्टच्या बाबतीत तो समज चुकीचा आहे, आणि आमच्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

बॅच फाइल स्वतः चालत नाही. ‘कमांड प्रोसेसर’ नावाचा विंडोजचाच एक कार्यक्रम ती वाचतो आणि तिच्यातील आज्ञा अंमलात आणतो. सबब चौकटीत नाव दिसते ते ‘विंडोज कमांड प्रोसेसर’ असे, प्रकाशक दिसतो तो ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज’, आणि पट्टी अर्थातच निळी. स्क्रिप्ट जिल्हा कचेरीतील तंत्रज्ञाने लिहिलेली असो वा एखाद्या ठकाने, चौकट अगदी तशीच दिसते. पॉवरशेलचीही तीच गत आहे. दारावरच्या शिपायाने लखोटा आणणाऱ्या टपालवाल्याचे ओळखपत्र तपासून ‘मनुष्य खरा आहे’ असे सांगावे, पण लखोट्यात काय आहे याविषयी त्याला काहीच कल्पना नसावी, तसा हा प्रकार आहे. चौकटीत ‘अधिक तपशील’ दाखविणारा दुवा असतो. तो दाबल्यास कोणत्या ठिकाणची कोणती फाइल चालविली जाणार आहे हे दिसते. आपण चालवू पाहिलेली फाइल तीच आहे काय, एवढे तरी तेथे ताडून पाहता येते.

आशय मात्र फाइल उघडूनच कळतो, आणि येथे स्क्रिप्टचा एक मोठा गुण उपयोगी पडतो. स्क्रिप्ट हा मजकूर आहे. तो वाचता येतो. फाइलीवर दोनदा क्लिक न करता उजवे बटण दाबून ‘एडिट’ निवडले की सर्व आज्ञा नोटपॅडमध्ये दिसतात. इंग्रजीची आणि संगणकाची बेताची ओळख असलेल्या माणसालाही काही बाबी ओळखता येतात. महाजालावरून आणखी काही उतरवून घेणारी ओळ, ‘डिफेंडर’ बंद करणारी ओळ, नवे खाते निर्माण करणारी ओळ, ‘डिलीट’ किंवा ‘फॉरमॅट’ असे शब्द, आणि अर्थबोध न होणाऱ्या अक्षरांची लांबलचक रांग. यांपैकी काहीही आढळल्यास स्क्रिप्ट वाईटच आहे असे नव्हे, परंतु पाठविणाऱ्यास दूरध्वनी करून खुलासा मागितल्यावाचून ती चालवू नये. अक्षरांची अशी रांग बहुधा आज्ञा दडविण्यासाठीच घातलेली असते. सरकारी कामाच्या स्क्रिप्टमध्ये दडविण्यासारखे काही असण्याचे कारण नाही.

पेनड्राइव्हने पुसली जाणारी खूण

महाजालावरून किंवा ई-मेलमधून फाइल उतरविली, की विंडोज तिच्यावर ‘बाहेरून आलेली’ अशी एक अदृश्य खूण करून ठेवते. अशी फाइल चालवू गेल्यास वेगळा इशारा मिळतो, तो या खुणेमुळे. खूण काढावयाची असेल तर फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ ही सोय असते.

आता आपल्याकडील प्रत्यक्ष व्यवहार पाहू. तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी फाइल उतरवून घेतो, पेनड्राइव्हवर टाकतो, आणि ती पेनड्राइव्ह बैठकीच्या दिवशी या हातातून त्या हातात फिरते. बहुतेक पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ किंवा ‘एक्स-फॅट’ या पद्धतीने आखलेल्या असतात, आणि या पद्धतींत ती अदृश्य खूण साठविण्यास जागाच नसते. फाइल पेनड्राइव्हवर गेली की खूण नाहीशी होते. गावातील संगणकाच्या लेखी ती फाइल घरचीच ठरते. पहिला इशारा मिळत नाही. उरते ती केवळ प्रशासक-अधिकाराची चौकट, आणि स्क्रिप्टच्या बाबतीत ती निळी असते. जो मार्ग सर्वांत घरगुती वाटतो तोच सर्वांत मुका ठरतो, तो असा. स्क्रिप्ट पाठवावयाची असेल तर ती अधिकृत ई-मेलवरून किंवा विभागाच्या संकेतस्थळावरून थेट यंत्रावर उतरवून घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

स्क्रिप्ट चालविण्याची रीत

स्क्रिप्ट वाचली, पाठविणाऱ्याची खातरजमा झाली, आणि प्रशासक-अधिकार खरोखरच आवश्यक आहे असे ठरले, म्हणजे पुढचे काम कठीण नाही. बॅच फाइलीवर उजवे बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. पॉवरशेलच्या फाइलीस ही सोय सहसा दिसत नाही. दोनदा क्लिक केल्यास ती बहुधा चालण्याऐवजी नोटपॅडमध्ये उघडते. ही उणीव नसून मुद्दाम केलेली योजना आहे. तेथे आधी पॉवरशेल हा कार्यक्रमच प्रशासक म्हणून उघडावा आणि मग त्यात स्क्रिप्टचे नाव द्यावे.

पॉवरशेलमध्ये आणखी एक अडसर येतो. स्क्रिप्ट चालविण्याविषयीचे धोरण प्रत्येक यंत्रावर ठरलेले असते, आणि कार्यालयीन वा घरगुती संगणकावर ते मुळात ‘कोणतीही स्क्रिप्ट चालवू नये’ असे असते. अडलेला मनुष्य हे धोरण संपूर्ण यंत्रासाठी आणि कायमचे सैल करून टाकतो. त्याची गरज नसते. हे धोरण चालू असलेल्या एकाच खिडकीपुरते बदलता येते. खिडकी बंद होताच मूळ धोरण पुन्हा लागू होते. ज्या यंत्रावर स्क्रिप्ट वारंवार चालवाव्या लागतात तेथे ‘रिमोट साइन्ड’ हे मधले धोरण पुरेसे आहे. त्यात यंत्रावरच लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतात, बाहेरून आलेल्यांना मात्र विश्वासार्ह स्वाक्षरी लागते. स्वाक्षरी म्हटल्यावर ग्रामपंचायतीच्या डोंगलमधील डिजिटल स्वाक्षरी येथे चालेल काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. ती चालत नाही. दस्तऐवजावर सही करण्याचे प्रमाणपत्र आणि कार्यक्रमावर सही करण्याचे प्रमाणपत्र ही निराळी असतात. बॅच फाइलीवर तर अशी स्वाक्षरी करण्याची सोयच नाही.

एवढे करूनही स्क्रिप्ट फसली, तर कारण बहुधा पुढील तिहींपैकी एक असते. पहिले असे की, बॅच फाइल प्रशासक म्हणून चालू होताच ती स्वतःच्या फोल्डरमध्ये न राहता विंडोजच्या ‘सिस्टीम-३२’ या फोल्डरमध्ये उभी राहते. शेजारी ठेवलेल्या फाइली तिला सापडत नाहीत. ‘ही फाइल जेथे आहे तेथे जा’ अशी आज्ञा स्क्रिप्टच्या आरंभी घातल्यास हा दोष दूर होतो. दुसरे कारण कार्यालयातील सामायिक ड्राइव्हचे. सामान्य ओळखपत्रावर जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह पूर्ण अधिकाराच्या ओळखपत्रास दिसत नाही, म्हणून तेथील फाइल आधी यंत्रावर आणून ठेवावी.

तिसरे कारण शाळांतील संगणक-शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. समजा, विद्यार्थ्यांच्या सामान्य खात्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक बसविण्याची स्क्रिप्ट चालवावयाची आहे. शिक्षक विद्यार्थ्याच्या खात्यात बसून ती प्रशासक म्हणून चालवितो, चौकटीत प्रशासक खात्याचा पासवर्ड देतो, स्क्रिप्ट निर्विघ्न पूर्ण होते, आणि तरीही विद्यार्थ्याच्या पडद्यावर मराठी कळफलक येत नाही. कारण उघड आहे. पासवर्ड दिल्या क्षणी स्क्रिप्ट प्रशासकाची झाली. कळफलकाची निवड ही प्रत्येक खात्याची खाजगी बाब असल्यामुळे ती प्रशासकाच्या खात्यात नोंदली गेली. या कामास प्रशासक-अधिकाराची गरजच नव्हती. सामान्यपणे चालविलेली स्क्रिप्ट येथे यशस्वी झाली असती. अधिकार जास्त दिला म्हणजे काम हमखास होते, या समजुतीला संगणकात आधार नाही.

रोजचे काम, रोजची चौकट

काही स्क्रिप्ट रोज चालवाव्या लागतात. उदाहरणार्थ, सायंकाळी महत्त्वाच्या फाइलींची प्रत घेणारी. रोज चौकटीला उत्तर देण्याचा कंटाळा येणे समजण्यासारखे आहे, आणि येथूनच चौकट बंद करण्याचा मोह सुरू होतो. ‘यूझर अकाउंट कंट्रोल’च्या पट्टीवरील खूण सर्वांत खालच्या पायरीवर नेली, की प्रशासक खात्यातून पूर्ण अधिकार मागणारा प्रत्येक कार्यक्रम तो न विचारता मिळवितो. एका स्क्रिप्टचा मार्ग मोकळा करण्यासाठी सर्वांचाच मार्ग मोकळा होतो.

याला विंडोजमध्येच चांगला पर्याय आहे. ‘टास्क शेड्युलर’ या सोयीत एखादे काम नोंदवून ते ठरावीक वेळी ‘सर्वोच्च अधिकारानिशी’ चालवावे असे सांगता येते. नोंद करताना प्रशासकाची संमती एकदा घेतली जाते. पुढे ते काम विनाप्रश्न चालते, आणि इतर सर्व कार्यक्रमांसाठी चौकट कायम राहते. यात मात्र एक दक्षता अत्यावश्यक आहे. नोंद होते ती फाइलीच्या नावाची व जागेची, तिच्यातील मजकुराची नव्हे. ती स्क्रिप्ट डेस्कटॉपवर किंवा सर्वांना लिहिता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवली, तर सामान्य खात्यातील कोणीही तिच्यात दोन ओळी वाढवू शकतो, आणि सायंकाळी त्या ओळी प्रशासकाच्या अधिकाराने चालतात. कोऱ्या कागदावर आधी सही करून तो टेबलावर उघडा ठेवण्यासारखेच हे आहे. अशा स्क्रिप्ट ‘प्रोग्रॅम फाइल्स’सारख्या, केवळ प्रशासकास बदल करता येईल अशाच जागी ठेवाव्यात.

अधिकार एका यंत्रापुरता राहत नाही

ग्रामपंचायतीच्या एका संगणकात असे काय मोठे असणार, असे म्हटले जाते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक कार्यक्रम युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून पसरला. शिरलेल्या यंत्राच्या स्मृतीतून प्रशासकांचे पासवर्ड उचलून, त्यांच्याच बळावर तो शेजारच्या यंत्रांत जात असे. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्याने जगभर ठप्प केले आणि त्यात आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही अडले. तालुक्यातील सर्व संगणकांच्या प्रशासक खात्यांना सोयीसाठी एकच पासवर्ड देण्याची प्रथा ज्यांनी पाडली असेल त्यांनी या घटनेचा विचार करावा. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक-प्रणालीवर खंडणीखोर कार्यक्रमाचा हल्ला होऊन मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे कामकाज विस्कळीत झाले होते. जालन्यातही महामंडळाच्या औद्योगिक वसाहती आहेत, तेव्हा ही गोष्ट दूरची नव्हे.

गावपातळीवर धोका अधिक साधा आणि अधिक जवळचा आहे. डिजिटल स्वाक्षरीची गुप्त किल्ली डोंगलमध्येच राहते, ती सहसा बाहेर काढता येत नाही, हे खरे. परंतु डोंगल यंत्राला जोडलेले आहे, त्याचा पिन टंकलिखित होत आहे, आणि त्याच यंत्रावर कोणाची तरी स्क्रिप्ट पूर्ण अधिकार मिळवून बसली आहे, अशा वेळी तो पिन टिपून घेणे व जोडलेल्या डोंगलकडून नको त्या कागदावर सही करवून घेणे अशक्य राहत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांची डोंगले त्याच एका यंत्राला लावून ठेवलेली असतील, तर दुहेरी कुलुपाच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्यासारखे होते.

दुसऱ्याच्या हाती गेलेल्या अधिकाराचे परिणाम या जिल्ह्याने निराळ्या वाटेने अनुभवले आहेत. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपात कोट्यवधी रुपयांचा अपहार झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये महसूल कर्मचाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला, आणि अधिकाऱ्यांचे लॉगिन व पासवर्ड यांचा गैरवापर हा त्या आरोपांचा भाग होता. तेथे प्रश्न स्क्रिप्टचा नव्हता, आणि दोषी कोण हे न्यायालय ठरवील. परंतु अतिवृष्टीने पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या नावावरील रक्कम आणि पडद्यामागे कोणी तरी वापरलेला अधिकार यांतील अंतर किती थोडे आहे, हे त्यावरून दिसून आले.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ अन्वये गुप्त किल्लीवर आपले नियंत्रण राखण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर, म्हणजे स्वतः सरपंचावर वा अधिकाऱ्यावर आहे. संगणक परिचालकाकडे डोंगल व पिन सोपवून दिल्याने ती संपत नाही. परिचालकाच्या दृष्टीनेही असे सोपविणे अन्यायाचेच आहे, कारण उद्या काही घडल्यास पहिला संशय त्याच्यावर येतो.

कार्यालयाने करावयाची व्यवस्था

या सर्वांसाठी वेगळ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक यंत्रावर रोजच्या कामासाठी सामान्य खाते उघडावे आणि परिचालकाने, तसेच अधिकाऱ्यानेही, त्याच खात्यात काम करावे. प्रशासक खात्याचा पासवर्ड कार्यालयप्रमुखाकडे किंवा त्याने नेमलेल्या एका व्यक्तीकडे असावा. शाळेत तो मुख्याध्यापक व संगणक-शिक्षक यांच्यापुरता ठेवावा. तो प्रत्येक यंत्रासाठी वेगळा असावा आणि पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला नसावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, ही गोष्टही जुनी यंत्रे असलेल्या कार्यालयांनी लक्षात घ्यावी. ज्या यंत्रास सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही, त्यावर चौकट असूनही भरवसा कमीच. डोंगल सहीपुरते जोडावे व लगेच काढून घ्यावे. शंका असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घेता येतो.

नको ती स्क्रिप्ट चालून गेली असे लक्षात आल्यास प्रथम यंत्राची महाजालाची जोडणी तोडावी, डोंगल काढावे, आणि यंत्र परस्पर ‘फॉरमॅट’ करू नये. तसे केल्यास तपासाला लागणाऱ्या खुणा नष्ट होतात. पासवर्ड व पिन दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, म्हणजे ‘सर्ट-इन’च्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा प्रकारच्या घटनांची खबर त्या निदर्शनास आल्यापासून ६ तासांच्या आत द्यावयाची आहे, आणि हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

प्रशासक-अधिकाराने चालविलेल्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद एका साध्या वहीत ठेवावी : दिनांक, यंत्र, स्क्रिप्टचे नाव, ती कोठून आली, ती कोणी वाचली आणि पासवर्ड कोणी दिला. आवक-जावकाच्या वहीस जितका वेळ लागतो त्याहून अधिक वेळ या वहीस लागत नाही. शेवटचे दोन रकाने एकाच व्यक्तीच्या नावाने भरले जाऊ नयेत, एवढे मात्र पाहावे.